आत्याची गोटी

मुंगीनं धावत येऊन तळहात गादीवर टेकले, पाय डोक्यावरून भिरकावले आणि ती पलीकडे ताठ उभी राहिली. उजव्या मनगटात तापलेली सुई खुपसल्यासारखी कळ गेली. तिनं दोन्ही हात वर केले, हनुवटी उचलली आणि हसली. अगदी मोकळं, वरचे दात दिसतील असं हसली.

"शाब्बास!" मॅडम म्हणाल्या. "पुन्हा."

या हॉलमध्ये जिम्नॅस्टिक्स शिकायला आलेल्या पोरीला पहिला धडा मिळायचा तो कोलांटउडीचा नव्हे, हसण्याचा. पडा, आपटा, जीभ चावा, पण उभं राहिलात की हात वर आणि तोंडावर हसू. "परीक्षकांना तुमचं दुखणं दिसता कामा नये. दिसलं की गुण गेले," असं मॅडम सांगायच्या आणि आरशासमोर ओळीनं उभं करून हसण्याची तालीमच घ्यायच्या. ओठ किती फाकायचे, दात किती दाखवायचे, डोळ्यांत हसू कसं आणायचं, सगळं. पुढचे दात पडलेल्या सहा-सात वर्षांच्या पोरी ओळीत उभ्या राहून बोळक्या तोंडानं हसायला लागल्या की बघायला आलेल्या आईबापांना कोण कौतुक वाटायचं. वर्षभरात मुलींच्या अंगात ते इतकं भिनायचं की काही दुखलं की रडू यायच्या ऐवजी हसूच यायचं. आता याला शिस्त म्हणायचं की आणखी काही, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

मॅडम म्हणजे मुंगीची सख्खी आत्या. घरी 'आत्या' आणि 'तू', हॉलच्या दारातून आत पाऊल पडलं की 'मॅडम' आणि 'तुम्ही'. पाच वर्षांची असताना मुंगी एकदा सगळ्यांसमोर "आत्या, पाणी दे ना" म्हणाली होती. आत्यानं तिच्याकडे असं काही पाहिलं की पोरीची तहानच पळाली. त्यानंतर ती चूक तिच्याकडून कधी झाली नाही. मुंगी हे नावही आत्यानंच ठेवलेलं, अंगापेक्षा मोठं ओझं उचलते म्हणून, आणि मुंगीला ते नाव शाळेतल्या नावापेक्षा प्रिय होतं.

बाबांना तर बहिणीपुढे आभाळ ठेंगणं. लिफ्ट दुरुस्त करणारा हा गडी दिवसभर काळ्या तेलात हात घालायचा, पण घरी आला की आधी हात स्वच्छ धुऊन ताईच्या पदकांच्या काचेच्या कपाटावरची धूळ पुसायचा. पदकांमागे फोटो होते आणि प्रत्येक फोटोत आत्या हात वर करून हसत होती. आत्या घरी आली आणि खुर्चीतून उठायला लागली, की ती इतरांसारखे तळहात टेकायची नाही. दोन्ही मुठी आवळून टेबलावर रोवायची आणि उठायची. "बघितलास ताईचा रुबाब?" बाबा म्हणायचे. "राणी उठली की काय असं वाटतं!"

आणि आत्याची गोटी होती. आत्याच्या उजव्या मनगटावर करंगळीच्या बाजूला हाडाचा एक गोल उंचवटा वर आला होता. लहानपणी मुंगी तिच्या मांडीवर बसून तो बोटानं दाबायची. दाबला की आत्या हसायची. आणखी जोरात दाबला की आणखी हसायची. आत्याला तिथे गुदगुल्या होतात, असंच मुंगी धरून चालली होती.

गेल्या वर्षात मुंगी भराभर वाढली. फ्रॉकच्या बाह्या कोपराकडे सरकल्या, बूट चावायला लागले. आत्याचं म्हणणं, उंची वाढली की तोल बिघडतो, म्हणून सराव वाढवायला हवा. त्यात लहान गटात खेळायचं मुंगीचं हे शेवटचं वर्ष, आणि येत्या रविवारी देशाच्या संघाची निवड. हॉल सुटला की शाळेच्या संघाचा सराव, शाळेला सुट्टी लागली की पुन्हा दोन्ही वेळ हॉल. शाळेचे सर म्हणायचे, आमच्याकडे कुठे फार करते! मॅडम म्हणायच्या, आमच्याकडे करते तेवढं पुरत नाही. दोघांचं मिळून किती होतं, हे विचारायचं कोणाला सुचलं नव्हतं. विचारायचं असतं तर मनगटालाच विचारावं लागलं असतं.

क्लबच्या फिजिओनं एकदा मनगट पाहिलं होतं, नाही असं नाही. त्यानं अंगठ्याच्या बाजूला दाबलं आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मुंगी छान हसली. "हसतेय की!" तो म्हणाला. पट्टी गुंडाळली, गालावर टिचकी मारली आणि पुढच्या मुलीला बोलावलं.

पकडलं ते आईनं. आई चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवायची. दिवसभर समोरच्याच्या तोंडाकडे बघून चष्मा नाकावर टेकतोय की कानाला काचतोय हे ओळखायचं, हे तिचं काम. त्या संध्याकाळी जेवताना मुंगीनं पाण्यानं भरलेला जग उजव्या हातानं उचलला आणि ती हसली. आईनं बाबांकडे पाहिलं. बाबा मुकाट्यानं जेवत होते. कोणी काही बोललंच नव्हतं.

"कशाला हसलीस गं?"

"कुठे? नाही."

जेवण झाल्यावर आईनं बरणीचं घट्ट झाकण मुंगीपुढे केलं, "एवढं उघडून दे." मुंगीनं झाकणाला हात घातला आणि तोंडभर हसली. गेले कित्येक महिने ही पोरगी घरात हसत होती. दप्तर खांद्यावर घेताना, नळ सोडताना, वेणी घालताना. आणि आपण भाबडेपणानं म्हणत होतो, काय गुणाची हसरी पोर आहे!

दुसऱ्या दिवशी आईनं कामावर दांडी मारली आणि बाबांना न सांगता मुंगीला हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाई वयानं मोठ्या आणि तोंडानं फटकळ होत्या. त्यांनी मनगट हातात घेतलं, दाबलं, वर पाहिलं. मुंगीचं हसू तयारच होतं.

"दुखत नाही?"

"डॉक्टर," आई म्हणाली, "ती जितकी जास्त हसेल ना, तितकं जास्त दुखतंय असं समजा."

डॉक्टरीणबाईंचा हात थांबला. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मुंगीकडे नीट पाहिलं. "हे कुठे शिकलीस?"

"हॉलमध्ये."

"मग इथे विसर. मी पुन्हा दाबणार आहे. दुखलं तर तोंड वाकडं करायचं. ओरडलीस तरी चालेल. शेजारच्या खोलीत मुलं बोंबलत असतात, तुझीच लाज कशाला?"

त्यांनी दाबलं. मुंगी हसली. पुन्हा दाबलं, मुंगीनं हसू आवरायचा जिवाचा आटापिटा केला, ओठ थरथरले, आणि पुन्हा हसूच आलं. हातावर चालणं, दांडीवर गिरक्या घेणं तिला जमत होतं, पण 'आई गं' म्हणणं जमेना. चौथ्या खेपेला कुठे तिच्या तोंडून "आ" असा चोरटा आवाज निघाला, आणि मागे उभ्या असलेल्या आईनं तोंड फिरवून डोळे पुसले.

दोन्ही मनगटांचे एक्स-रे काढले. डॉक्टरीणबाईंनी ते उजेडावर शेजारी-शेजारी लावले.

"हे बघ. वाढत्या मुलांच्या हाडाच्या टोकाशी एक मऊ पट्टी असते. हाड लांब होतं ते तिथून. मोठ्या माणसांत ती नसते, म्हणून त्यांना तिची आठवणही नसते. तू हातावर उभी राहिलीस की सगळं अंग या पट्टीवर येतं. आलं तर येऊ दे, हाड काही मेणाचं नाही. रात्री झीज भरून निघते. पण रोज तेच, वर्षभर तेच, मधे सुट्टी नाही, त्यात तू ताडमाड वाढतेयस, म्हणजे भरून निघायच्या आत पुन्हा मार. डावीकडची पट्टी बघ कशी बारीक रेघ आहे. आणि ही उजवीकडची, रुंद आणि कडेला कुरतडल्यासारखी."

"खेळ सोडायचा?" मुंगीनं विचारलं.

"मी खेळ सोड म्हटलं का? हातावर वजन घ्यायचं नाही म्हटलं, तीन महिने. पाय आहेत, पोट आहे, पाठ आहे, तोल आहे. ते कर. मग हळूहळू हात. आणि पुढे दर आठवड्याला एक दिवस पूर्ण सुट्टी, वर्षात काही महिने दुसरा खेळ. दुखलं की त्याच दिवशी सांगायचं. एवढं केलंस तर तुला पंचविशीतही हातावर चालताना बघेन मी."

"आणि रविवारी फक्त एकदा केलं तर? मग थांबले तर?"

"एकदा कसलं? रविवारच्या आधी रोज सराव करशील, निवड झाली की पुढची तयारी. ही पट्टी वेळेआधी मिटली, तर अंगठ्याच्या बाजूचं हाड वाढायचं थांबेल. करंगळीच्या बाजूचं मात्र वाढतच राहील. मग ते इथे वर येतं." त्यांनी मुंगीच्या मनगटावर बोट ठेवलं. "इथे गोल उंचवटा होतो, हात मागे दुमडत नाही, तळहात टेकवून साधं खुर्चीतून उठता येत नाही. जन्मभर."

मुंगीनं त्या बोटाखालच्या जागेकडे पाहिलं. तिथे अजून सपाट होतं.

घरी जाताना रस्ता ओलांडता-ओलांडता ती म्हणाली, "आई, आत्याला गुदगुल्या होत नव्हत्या."

"कसल्या गुदगुल्या?"

मुंगीनं गोटीचं सांगितलं. आई रस्त्याच्या मधोमधच थांबली आणि मागच्या रिक्षावाल्यानं दोघींना सणसणीत ऐकवलं.

संध्याकाळी घरात व्हायचं ते झालं. बाबांनी फोन केला आणि आत्या तशीच शिट्टी गळ्यात घेऊन आली. एक्स-रेकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"डॉक्टर लोक बसवूनच ठेवणार. त्यांचं काय जातं! पट्टी बांधते मी चांगली. रविवार काढ, मग कर आराम."

"एकच तर स्पर्धा आहे," बाबा म्हणाले. "ताईनं कसं काढलं होतं! तापात खेळली होती ती."

"ताई, तुम्ही मोठ्या आहात," आई म्हणाली. इतकी वर्षं नणंदेपुढे तिनं हूं की चूं केलं नव्हतं. "पण हात तिचा आहे. तुमचा नाही नि माझाही नाही."

"बरं, मग तिलाच विचार. बोल गं मुंगी. खेळायचंय ना?"

खेळायचं होतं. या रविवारसाठी तिनं वाढदिवस बुडवले होते, मैत्रिणी गमावल्या होत्या. संघाचा निळा पोशाख घातलेली मुंगी ती रोज झोपताना डोळ्यांपुढे आणायची. तिला इतकं खेळायचं होतं की आत्ता या क्षणी 'हो' म्हटलं असतं तर जीव हलका झाला असता. बाबा हसले असते, आत्यानं पाठीवर थाप मारली असती.

"मी रविवारी येणार नाही," मुंगी म्हणाली.

आत्यानं मुठी टेबलावर रोवल्या आणि ती उठली. "ठीक आहे. मग हॉलची पायरीही चढू नकोस. रडक्या मुलींना माझ्याकडे जागा नाही."

"पायरी चढणार. मला पाय आहेत."

बाबा तिला दटावायला उठले, पण तोवर आत्या निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी मुंगी हॉलवर गेली. पट्टी बांधलेला हात अंगाशी धरून ती कोपऱ्यात बसली आणि पाय ताणायला लागली. मॅडमनी तिच्याकडे पाहिलं आणि पाहिलंच नाही असं केलं. हाकलायचं तर सगळ्यांसमोर कारण सांगावं लागलं असतं. मग मुंगी अरुंद फळीवर चढली, हात न टेकता एका पायावर गिरकी घेतली, उतरली, पुन्हा चढली. मॅडमची शिट्टी इतर मुलींसाठी वाजत राहिली. मुंगी नसल्यासारखीच होती.

उड्यांची ओळ सुरू झाली. सगळ्यात धाकटी, जिला सगळे बटण म्हणायचे, ती धावत आली, ठोकळ्यावरून उडाली, दोन्ही पायांवर धप्पकन उतरली. हात वर. आणि हसली. खिडकीसारखी मोठी फट पडलेल्या दातांनी, डोळे चमकवत, अगदी आरशात शिकवलं तसं.

मुंगीला ते हसू कळलं. ते तिचंच होतं. ती फळीवरून उतरून थेट बटणाजवळ गेली आणि तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली.

"कुठे दुखतंय?"

बटण आणखी हसली.

"हसू नकोस. मला सांग. कुठे?"

बटणाचे ओठ वेडेवाकडे झाले. "टाच," ती पुटपुटली. "दोन्ही. सकाळी चालताना पण."

हॉलमध्ये आवाज घुमतो. मागून कोणीतरी म्हणालं, "माझा गुडघा." ओळीतली उंच मुलगी, जिराफ, म्हणाली, "माझी कंबर. शाळेत बाकावर बसवत नाही." मग एक खांदा, एक कोपर. दबक्या आवाजात, एकमेकींकडे बघत, चोरीचा माल बाहेर काढावा तशा पोरी आपापलं दुखणं बाहेर काढायला लागल्या. कोणीच हसत नव्हतं.

शिट्टी कर्कश वाजली.

"काय बाजार मांडलाय?" मॅडम तरातरा आल्या. "दुखतं! कोणाला दुखत नाही? खेळायचं म्हणजे दुखणारच. मला नव्हतं दुखत? उभी आहे ना मी तुमच्यासमोर? काय झालंय मला?"

मुंगी उठली.

"आत्या," ती म्हणाली.

मुलींना हे नातं माहीत होतं, पण या भिंतींमध्ये तो शब्द कोणी ऐकला नव्हता.

"इथे मॅडम म्हणायचं."

"आत्या, तू खाली बस आणि तळहात टेकवून उठून दाखव. मुठी नाही. तळहात. तुला काही झालेलं नसेल तर मी रविवारी येते. आत्ता पट्टी काढते."

तिनं खरंच पट्टीचं टोक सोडलं. आत्याच्या थोबाडीत मारल्यासारखं तिला वाटत होतं, पण तिनं नजर हलवली नाही.

आत्या माघार घेणाऱ्यातली नव्हती. तिनं शिट्टी गळ्यातून काढून बाजूला टाकली, गादीवर बसली, उजवा तळहात सपाट टेकवायला गेली. तो सपाट टेकेना. उंच टाचेच्या बुटासारखा तो मधेच अडला. तिनं अंगाचा भार दिला, मनगट रेटलं, करंगळीच्या बाजूची गोटी कातडीखाली पांढरी पडली.

आणि आत्या हसली.

ओठ तेवढेच फाकलेले, वरचे दात तेवढेच दिसलेले, डोळ्यांत तीच चमक. कपाटातल्या प्रत्येक फोटोतलं हसू. मांडीवर बसलेल्या भाचीनं गोटी दाबल्यावरचं हसू. हॉलमधल्या प्रत्येक मुलीनं ते ओळखलं, कारण तिनं ते याच बाईकडून आरशासमोर घोटून घेतलं होतं. बटणानं घाबरून मुंगीचा डावा हात धरला.

"आत्या, हसू नकोस ना," मुंगी म्हणाली. "मी तुझी गोटी दाबायची, तेव्हा का नाही सांगितलंस? मला काय माहीत! मी आणखी जोरात दाबायचे गं."

आत्यानं समोर पाहिलं. समोर आरसा होता. तिनं आपलं तोंड आरशात पाहिलं, आणि ते हसू उतरवायला तिला बराच वेळ लागला. उतरलं तेव्हा तिथे एक दमलेली, सुरकुतलेली बाई होती, जी मुलींनी कधी पाहिली नव्हती.

"मला कोणी विचारलंच नाही," ती म्हणाली. मग हात पोटाशी घेतला आणि अगदी हळू म्हणाली, "दुखतं गं."

कोणी तिला उठवायला गेलं नाही. ती मूठ टेकवूनच उठली, नेहमीसारखी, पण या वेळी तो रुबाब कोणालाच वाटला नाही. तिनं शिट्टी उचलली, खिशात टाकली, दोन वेळा घसा खाकरला.

"आज उड्या बंद. सगळ्यांनी खाली बसा. बटण, बूट काढ, टाच बघू दे." मग मुंगीकडे न बघता म्हणाली, "तुझं नाव मी मागे घेते. पण लहान गटात पुन्हा येता येणार नाही तुला. ही संधी गेली. गेली म्हणजे गेली, हे लक्षात ठेव."

"माहीत आहे."

"मग रडायचं नाही."

"रडणार," मुंगी म्हणाली. "मला जायचं होतं. मी रडणार."

आणि ती तिथेच, आरशासमोर, सगळ्यांच्या देखत रडली. नाक लाल झालं, ओठ वाकडे झाले, गालांवर ओघळ आले, परीक्षकांनी एक गुण दिला नसता असं ध्यान झालं. आत्या तिच्याजवळ बसून बटणाचा बूट सोडवत होती. तिनं मुंगीला गप्प बस म्हटलं नाही.